जॉबशीटवरची टिक

वेग, अंतर, उंची दाखवणारा माझा सायकल कॉम्प्युटर पावसाने गेला, त्याचा राग केव्हाच ओसरला. साताऱ्यात राहायचं, जून ते सप्टेंबर कास-बामणोलीच्या रस्त्यावर सायकल हाणायची आणि हँडलबारवरचं यंत्र जन्मभर कोरडंठाक राहील असं धरून चालायचं, हे काही खरं नाही. डोक्यात बसलाय तो त्यानंतरचा प्रकार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सायकलिंग ग्रुपमधल्या मैत्रिणींनी वेगवेगळ्या कंपन्यांचे किस्से सांगितले, ते ऐकून नाव लिहिण्यात फारसा अर्थ नाही असंच वाटलं.

बिघाड थोडक्यात सांगते. यवतेश्वरचा घाट चढून वर गेलं की घटकेत ऊन, घटकेत धुकं, घटकेत आडवा पाऊस. त्या दिवशी तिन्ही झालं. परतीच्या उतारावर उंचीचा आकडा भरकटला. मी उतरतेय आणि हा चढ दाखवतोय. या यंत्रांत उंची हवेच्या दाबावरून काढतात. त्यासाठी खालच्या अंगाला बारीक भोकं असतात. त्यांत पाणी अडकलं, घामाचं मीठ बसलं, की आकडे बिनसतात. तेवढंच असेल तर घाबरू नका. साध्या कोमट पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं, बहुतेक वेळा ताळ्यावर येतं. टाचणी मात्र घालू नका, आत नाजूक पडदा असतो.

माझ्या यंत्राचं तेवढ्यावर भागलं नाही. घरी येईपर्यंत स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात आतून बाष्प धरलं होतं, नखाएवढा धुरकट डाग. उन्हात तापलेल्या यंत्रावर एकदम गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि सील कुठे जरा जरी सैल असेल तर तिथून पाणी आत ओढलं जातं. ‘मी काय पाण्यात थोडंच बुडवलं?’ असं म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी हे सांगतेय. न बुडवताही जातं.

तांदळाच्या डब्यात ठेव, हा सल्ला मला घरातून, ऑफिसातून आणि सोसायटीच्या वॉचमनकाकांकडूनही मिळाला. ठेवू नका. तांदळाचा भुगा चार्जिंगच्या पोर्टमध्ये शिरतो, आणि ओल ओढायची त्याची ताकद बेताचीच. चपला-पर्सच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी फेकत नाही. त्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात घातल्या, पोर्टचं रबरी झाकण उघडं ठेवून यंत्र त्यात ठेवलं आणि चार्जरला हात लावला नाही. ओल्या पोर्टला चार्जर लावला की पिनांवर वीज आणि पाणी एकत्र येतं, आणि धातू खायला सुरुवात होते. बाष्प गेलं. यंत्र सुरूही झालं. पण चार्जिंग घेईना, घेतलं तर मध्येच सोडून देई. भिंगातून पाहिलं तर एका पिनेच्या मुळाशी मोहरीएवढा हिरवट ठिपका.

वॉरंटी शिल्लक होती. म्हणून खंबाटकी ओलांडून पुण्याला गेले.

सर्व्हिस सेंटर म्हणजे खरं तर कलेक्शन सेंटर. मोबाइल, घड्याळं, इअरफोन सगळं एकाच काउंटरवर. टोकन घेतलं, बसले, नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने यंत्र हातात घेतलं, पालथं केलं, रबरी झाकण उघडलं, आणि माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, एका चौकोनात टिक मारली. मी कागद उलटा वाचला. ‘लिक्विड डॅमेज’.

“अरे दादा, ही टिक कशाला?”

“मॅडम, पाणी गेलंय ना.”

“ते तपासायलाच आणलंय ना इथे? तपासायच्या आधीच निकाल कसा लावलास?”

“सिस्टीममध्ये काहीतरी सिलेक्ट करावंच लागतं मॅडम, नाहीतर पुढे जात नाही.”

या एका टिकेवर पुढचं सगळं ठरतं. यंत्र तिथून दुसऱ्या शहरात जातं. तिथला माणूस आधी जॉबशीट बघतो, मग यंत्र. ‘लिक्विड डॅमेज’ वाचून तो पोर्टमध्येच भिंग घालणार, हिरवा ठिपका त्याला दिसणारच, आणि फाइल बंद. म्हणून मी काउंटरवर अडून बसले. मागच्या लोकांनी उसासे टाकले, त्यांचंही बरोबर होतं. शेवटी आतून एक वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी टिक खोडून ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात मी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं: चार्जिंग घेत नाही, स्क्रीनच्या आत बाष्प, उंची चुकीची दाखवते. खोडलेल्या जागी सही आणि शिक्का. त्या कागदाचा मी तिथेच फोटो काढला. पाणी लागलं हे मी लपवत नव्हते. फक्त पाणी का शिरलं हे त्यांनी सांगायचं होतं, मी नव्हे.

मग बिल. माझ्या बिलावर ‘सायकल अ‍ॅक्सेसरी, १ नग’ एवढंच होतं. सिरीयल नंबर नाही. म्हणजे हेच यंत्र मी तेव्हाच घेतलं याला पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. यंत्र नोंदवलं त्या दिवसाची तारीख त्यांच्याच ॲपमध्ये दिसत होती, मी फोन पुढे केला. “ते वेगळं डिपार्टमेंट आहे मॅडम.” दुकानदार मात्र भला माणूस. फोन केल्यावर म्हणाला, “ताई, दहा मिनिटं द्या,” आणि लेटरहेडवर सिरीयल नंबर, बिल नंबर, तारीख, सगळं लिहून सही-शिक्क्यासकट व्हॉट्सॲपवर पाठवलं. ते चाललं. तुम्ही घेताना आधीच बिलावर सिरीयल नंबर घालून घ्या. दुकानदार आढेवेढे घेत असेल तर तिथून घेऊच नका.

पुढे वाट बघणं. फोन केला की ‘रिपोर्ट आला की कळवतो’. रिपोर्ट आला तो दोन ओळींचा. खाली एक फोटो, त्यात माझा हिरवा ठिपका मोठा करून. ‘द्रव पदार्थामुळे गंज, वॉरंटीत बसत नाही.’

आता खोक्यावर काय होतं, तर ‘आयपीएक्स ७’. हे जरा समजून घ्या, कारण सगळा वाद इथेच आहे. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी नुकसान होईल एवढं पाणी आत शिरू नये. पण ही चाचणी स्थिर पाण्यातली, आणि यंत्र नवंकोरं असताना केलेली. जोराच्या फवाऱ्यासाठी ५ आणि ६ हे वेगळे आकडे आहेत. ७ मिळाला म्हणून ५-६ आपोआप मिळाले असं नसतं. तेव्हा सायकल धुताना गॅरेजवाला प्रेशरचा पाइप हातात घेतो, त्याआधी कॉम्प्युटर काढून खिशात टाका. आणि ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. सायकलवर घाम पडतो, घाम खारट, सील जुनं होत जातं, हे सगळं त्या आकड्याबाहेरचं.

कंपनीने मला ईमेलवर हेच ऐकवलं: रेटिंग प्रयोगशाळेतल्या परिस्थितीचं आहे. बरोबर आहे, मान्य. पण मग जाहिरातीत चिखलात, पावसात, पाणी उडवत जाणारा सायकलस्वार कशाला? छत्रीच्या खोक्यावर पाऊस छापायचा आणि आतल्या चिठ्ठीत लिहायचं, भिजवू नये.

ईमेलांचा खेळ बरेच दिवस चालला. दर उत्तराखाली नवं नाव, आणि दर नवं नाव बिल पुन्हा मागणार. मी एक गोष्ट केली, तिचा मला अजून अभिमान आहे. चिडून लांबलचक लिहायचं बंद केलं आणि त्याच साखळीत फक्त तीन प्रश्न विचारले. वॉरंटीच्या कुठल्या कलमाखाली नाकारता? पाणी कुठून शिरलं असं आढळलं? आणि यंत्र उघडलं होतं का, असल्यास आतला फोटो पाठवा.

तिसऱ्या प्रश्नाने गाडी अडली. कारण यंत्र उघडलंच नव्हतं. ‘हे सीलबंद युनिट आहे, इथे उघडलं जात नाही, फक्त बदलून मिळतं,’ असं उत्तर आलं. म्हणजे स्क्रीनच्या आत बाष्प होतं, सील सदोष असू शकतं, हे कोणी पाहिलंच नाही. बाहेरच्या पिनेचा फोटो काढला आणि आतल्या दोषाचा निकाल दिला. हे मी त्यांच्याच वाक्यासकट लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. (हे नाव आणि ईमेल वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात सापडतं.) सोबत एवढंच लिहिलं की पुढची पायरी १९१५ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा नंबर.

त्यानंतर मात्र कंपनीकडून चटकन फोन आला. आवाज गोड. ‘गुडविल म्हणून’ दुरुस्त केलेलं जुनं युनिट सवलतीच्या दरात देऊ, वॉरंटी ९० दिवस. दर ऐकला तर नव्या यंत्राच्या निम्म्याला लागलेला. ९० दिवस म्हणजे आमच्याकडचा एक पावसाळासुद्धा पुरा होत नाही. नको म्हटलं.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. माझ्याकडे जॉबशीटचा फोटो, रिपोर्ट आणि ती ‘उघडलं जात नाही’वाली ईमेल जपून आहे. काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.

नवं घेणं त्यामानाने सोपं गेलं, कारण नको काय ते पक्कं होतं. पहिलं, नुसता टचस्क्रीन नको. पावसाचे थेंब पडले की तो आपणच बोटं फिरवायला लागतो. पानं बदलतात, एकदा तर मैत्रिणीच्या राइडची नोंद घाटातच बंद झाली. बटणं हवीत, ओल्या हातमोज्यातून दाबता येतील अशी.

दुसरं, बॅटरी. आणि बॅटरीचा संबंध पाण्याशी आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही. बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, ३०० किलोमीटरला २० तासांची मुदत असते, ४०० ला २७. यंत्र तेवढं टिकत नसेल तर रात्री भर पावसात, रस्त्याच्या कडेला, रबरी झाकण उघडून पॉवर बँक लावावी लागते. सील, झाकण, रेटिंग, सगळं त्या क्षणी वाऱ्यावर. म्हणून वाहूचा बोल्ट आवडूनही सोडला, तेव्हाच्या मॉडेलला कंपनीच १५ तास सांगायची. गार्मिनचा एज ५४० बटणांचा आहे, २६ तास सांगतात, पण माझं बजेट तिथवर जात नव्हतं. ज्यांचं जातंय त्यांनी बघावा. मी शेवटी आयजीपीस्पोर्टचा आयजीएस ६३० घेतला. नकाशा आहे, बटणं आहेत, कंपनी ३५ तास सांगते. जीपीएस, सेन्सर, रात्रीचा स्क्रीनचा उजेड धरून प्रत्यक्षात कमीच मिळणार, पण ३०० ची राइड झाकण न उघडता पार पडावी. पेडलचे फेरे मोजणारा जुना कॅडेन्स सेन्सर आणि हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा एएनटी प्लस या बिनतारी जोडणीवर चालणारे, ते विनातक्रार जोडले गेले, तेवढे पैसे वाचले. फक्त शहरातल्या शहरात, नकाशाशिवाय फिरायचं असेल तर एवढं घ्यायची गरज नाही. फोन खिशात आणि साधं जीपीएस मीटर हँडलवर, बास.

ऑनलाइन स्वस्तात दिसणारी काही यंत्रं बाहेरून परस्पर आणलेली असतात. खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर आहे का, एवढं पाहा. नसेल तर इथली वॉरंटी मिळेल असं धरू नका. स्वस्त पडतं खरं, पण साताऱ्यातून मग जायचं कुठे?

सिलिकॉनचं कव्हर घातलं असेल तर प्रत्येक ओल्या राइडनंतर काढा, पाणी त्याच्याखाली साचून राहतं आणि नेमकं पोर्टपाशी. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने घाम पुसा, पोर्ट पूर्ण वाळला की मगच चार्जर. मी आता रात्रभर तसंच ठेवते, चार्जिंग सकाळी चहा होईपर्यंत.

एक राहिलंच, आणि हे खरं तर पुण्याला जायच्या आधीचं. यंत्र बदलून मिळतं तेव्हा तुमचं यंत्र परत येत नाही, त्यात नोंदलेल्या राइड्सही नाहीत. ज्या फोनवर गेलेल्या असतात त्या सुरक्षित, पण रेंज नसलेल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच राइड्स यंत्रातच पडून असतात. माझं चार्जिंग घेत नव्हतं, पण केबल एका विशिष्ट कोनात धरली की लॅपटॉपला जोडलं जाई. नवऱ्याला केबल धरून बसवलं आणि ‘ॲक्टिव्हिटीज’ नावाच्या फोल्डरमधल्या सगळ्या फिट फाइली (राइडची नोंद असते त्या) लॅपटॉपवर उतरवल्या. त्या स्ट्राव्हा या राइड्स नोंदवायच्या ॲपवर हाताने चढवता येतात. सगळ्या उतरेपर्यंत त्याने केबल जराही हलू दिली नाही, मधे दोनदा फोन वाजला तरी.