तीन ग्रेट नॉट आणि सात आठवडे

डिसेंबरातल्या एका रविवारी आक्षीच्या किनाऱ्यावर मला तीन ग्रेट नॉट, म्हणजे चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी, दिसले. पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर त्यांची नोंद मान्य व्हायला सात आठवडे लागले. पहाटे अलिबाग गाठणं, सुरूच्या बनातून वाळूत उतरणं, यात सांगण्यासारखं काही नाही.

अ‍ॅपमध्ये नाव टाकलं आणि लाल खूण उमटली: दुर्मीळ पक्षी, तपशील लिहा. मी लिहिलं, ‘स्पष्ट दिसले, खात्री आहे.’ (आता वाचून लाज वाटते.) नऊ दिवसांनी तपासनिसांची मेल आली: फोटो आहे का? होता. त्यात भरपूर चिखल होता आणि तीन करडे ठिपके. तो पाठवला. मग अठरा दिवस शुकशुकाट. मी जेवणाच्या सुट्टीत रोज मेल उघडून बघायचे. नवरा म्हणाला, ‘आपली फाइल अडकलीय हे त्या पक्ष्यांना कळवलंस का?’ शेवटी उत्तर आलं: हे कर्ल्यू सँडपायपर (तसाच दिसणारा दुसरा पक्षी) कशावरून नाहीत?

असा संताप आला! सैबेरियातून आलेला, जगभर संकटग्रस्त ठरलेला पक्षी, आणि मी तो ओळखायला चुकेन? पण माझ्या त्या फोटोत चोच कुठे दिसत होती? शेवटी डायरी काढली आणि त्या दिवशी पेन्सिलीने खरडलेलं जसंच्या तसं उतरवलं: शेजारच्या चिखल्यांपेक्षा (प्लव्हर) चांगलाच मोठा, छातीवर गडद ठिपके, चोच डोक्याहून लांब, टोकाशी जराशी खाली झुकलेली. हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

चिखल्यांवरून आठवलं. यादीत लेसर सँड प्लव्हर शोधत बसू नका, २०२३ मध्ये त्याच्या दोन वेगळ्या प्रजाती केल्या. आपल्या किनाऱ्यावरचा बहुतेक तिबेटन सँड प्लव्हर.

आणि ओहोटीला जाऊ नका. मी गेले होते, म्हणून तर पक्षी अर्धा किलोमीटर लांब. जाळं आवरणाऱ्या एका मामांनी विचारलं, ‘आज तिथी काय? तिची पाऊणपट करा, तेव्हा पूर्ण भरती.’ म्हणजे एकादशीला सव्वाआठ, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. त्याआधी दोन तास जाऊन वाळूवर बसायचं. पाणी चढतं तसे पक्षी आपणहून जवळ सरकतात, त्यांच्यामागे धावायचं नाही. पुढे एका रविवारी एकादशी आली, तेव्हा गेले. चिखल्यांच्या थव्यात दोन ग्रेट नॉट, एक तर पायांतल्या शिंपल्यावर चोच मारत होता. छातीवरचे ठिपके मोजता येतील इतका स्वच्छ फोटो मिळाला. भरती पूर्ण झाल्यावर मागच्या खाजणातही डोकावले, तिथे गॉडविट होते.

मेल आली तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. डिसेंबरातली नोंद मान्य, फोटोत नुसते ठिपके असूनही. स्वच्छ फोटोची ती दोन पक्ष्यांची नोंद अजून लाल आहे.