आमची वाटचाल: साध्या विणीपासून तिपेडीपर्यंत

नाशिकची खरी थंडी अडीच-तीन महिन्यांची. निफाडकडे पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी आली की आमचा फोन वाजायला लागतो. २०११ साली मी आणि सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर हातविणीच्या लोकरी कपड्यांचा हा उद्योग सुरू केला, तेव्हा आम्ही फक्त बाळांचे सेट विणायचो. टोपडं, मोजे, पुढून उघडा स्वेटर. लोकर रविवार कारंजाच्या बाजारातून आणायची, बहुतेक लुधियानाची. सुलट, उलट आणि मधूनमधून जाळी, एवढ्यावर आमची पाच वर्षं गेली.

२०१६च्या दसऱ्याला ओळखीच्या एक काकू आल्या. मुलगी शिकागोला असते, जावयांसाठी पांढऱ्या लोकरीचा, छातीवर वेण्या असलेला स्वेटर हवा होता. मुलीने पाठवलेला नमुन्याचा कागदही त्यांनी आणला होता. मी हो म्हटलं. वेणी म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून घातलेले पीळ, आणि तोवर मी आयुष्यात एकही पीळ घातलेला नव्हता. सासूबाई चाळीस वर्षं विणत होत्या, पण वेणी त्यांनीही केली नव्हती. ‘टाके सुईवरून काढायचे म्हणजे गळणारच,’ ही त्यांची भीती.

पहिली चूक सुईची. कागदावर आठ नंबर लिहिला होता, आम्ही आमची आठ नंबरची सुई घेतली. वीतभर विणलं तर कापड चटईसारखं ताठ. दोन दिवसांनी कळलं की अमेरिकेचे नंबर आपल्या उलट चालतात. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. आपली आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, त्यांची आठ नंबर म्हणजे ५. सगळं उसवलं. तेव्हापासून आमच्या वहीत सुईचा नंबर लिहायचा नाही, मिलिमीटरच लिहायचे, असा नियम आहे.

मग वेणी. साधा पीळ मला दुसऱ्या संध्याकाळी जमला. सहा सुलट टाके, दोन्ही बाजूंना उलट टाके. सहापैकी पहिले तीन एका जादा सुईवर घेऊन कामाच्या पुढे सोडायचे, उरलेले तीन विणून घ्यायचे, मग बाजूला ठेवलेले तीन विणायचे. पीळ डावीकडे झुकतो. जादा सुई मागे सोडली की उजवीकडे. जादा सुई आमच्याकडे नव्हतीच, सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून दिला. त्याच्या बाकात टाके असे अडकून बसायचे की त्यांची भीती पहिल्याच पिळाला गेली. दर सहाव्या ओळीला हेच केलं की दोरखंड दिसायला लागतो. कडेचे उलट टाके मात्र हवेतच. ते मागे बसतात म्हणून पीळ उठून दिसतो.

मधली तिपेडी काही केल्या जमेना. नऊ टाके, तीन-तीनचे तीन पेड. मी प्रत्येक वेळी आकडा पुढेच सोडत होते आणि सगळे पेड एकाच बाजूला वाहत जात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्या मुलीची शाळेची वेणी घालत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, ‘अगं, इकडे बघ. उजवा पेड मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून.’ तेच होतं ते! पहिल्या वेळी उजवीकडच्या सहा टाक्यांत पीळ घालायचा, आकडा पुढे. मग तीन ओळी साध्या विणायच्या आणि पुढच्या ओळीत डावीकडच्या सहांत, आकडा मागे. रोज घरात जी वेणी घालतो तीच सुईवर घालायची होती. आजही नवीन बाई शिकायला आली की आम्ही आधी लोकरीच्या तीन जाड लडी हातात देऊन वेणी घालायला लावतो, सुया नंतर.

त्या काकूंचा स्वेटर संक्रांतीला शिकागोला पोचला. जावयांनी तो घालून फोटो पाठवला आणि पुढच्या वर्षी तिथल्याच मराठी मंडळींकडून चार मागण्या आल्या.

मग आम्ही स्वतःच्या आखणीचे स्वेटर करायला लागलो आणि नवीन धडा मिळाला. साध्या विणीच्या हिशेबाने टाके घालून त्यात दोन दोरखंड बसवले, तर चाळीस इंच छाती सदतीसवर आली. पीळ कापड आत ओढतो. आता खालची बॉर्डर झाली की पुढच्या ओळीत, जिथे पीळ येणार तिथेच, टाके वाढवतो. खांद्याशी पोचल्यावर ते पुन्हा कमी करतो, नाहीतर कड झालरीसारखी पसरते. आणि वीतभर नमुना विणून, धुऊन, वाळवून मापल्याशिवाय आमच्याकडे एकही टाका सुईवर चढत नाही. यात मी कुणाचंच ऐकत नाही.

चुकलेला पीळ दुरुस्त करणं मला सगळ्यात आवडतं. वीस ओळी खाली एक पीळ उलट्या बाजूला गेलाय असं दिसलं, तर सगळा स्वेटर उसवायची गरज नसते. तेवढे सहाच टाके सोडायचे, मोकळ्या धाग्यांची शिडी होऊ द्यायची, आणि दोन्ही टोकं उघडी असलेल्या छोट्या सुयांवर ते सहा पुन्हा वर विणत आणायचे. शिकणाऱ्या बाईला हे एकदा करून दाखवलं की तिच्या हातातली थरथर जाते.

एका विक्रेत्यांनी सुचवलं की स्वेटरला चिठ्ठी लावा: आयर्लंडच्या अरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वेणी वेगळी असायची, समुद्रात बुडालेला कोळी त्यावरून ओळखायचे. गोष्ट मनाला लागते, पण अभ्यासकांना तिला आधार सापडलेला नाही. गॉलवेच्या आखातातल्या त्या तीन बेटांवरचे हे स्वेटर फार प्राचीनही नाहीत, जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे. तिथल्या बायकांनी ते पोटासाठी, विकायलाही विणले, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला एवढं पुरे आहे. चिठ्ठी आम्ही लावली नाही.

मजुरीचा प्रश्न मात्र मी फार उशिरा सोडवला, याची खंत आहे. सुरुवातीला लोकरीच्या वजनावर पैसे द्यायचे. वेणीच्या स्वेटरला लोकर थोडीच जास्त लागते, वेळ मात्र कितीतरी जास्त. चांगला हात असलेल्या दोघीजणी त्यामुळे सोडून गेल्या. बायकांच्या एका स्वेटरच्या पुढच्या भागात, दोन दोरखंड आणि मधे तिपेडी धरून, सत्तर-ऐंशी पीळ येतात. ते मी स्वतः बसून मोजले. तेव्हापासून मजुरी वजनावर, शिवाय प्रत्येक पिळामागे वेगळी. दोघींपैकी एक परत आली.

आज आम्ही नऊजणी आहोत. मशिनवर वेण्या निघतात, स्वस्तही निघतात, हे गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो. आमच्याकडे माप त्याच्या अंगाचं असतं आणि दहा वर्षांनी कोपर फाटलं तर तेवढी बाही पुन्हा विणून मिळते.

सासूबाईंना आता बारीक टाके दिसत नाहीत. पाच मिलिमीटरच्या सुईवर त्या अजून विणतात, आकडा तोच. सध्या टेबलावर चौपेडीचा नमुना आहे, बारा टाक्यांचा. दोनदा उसवून झालाय. दसऱ्याच्या आत बसवायचाय.