आमची वाटचाल : फ्रीव्हील ते कॅसेट

वडिलांचं दुकान पुण्यात, पेठेतल्या एका बोळात होतं. तासावर सायकली भाड्याने, पंक्चर, चाकाचा आउट काढणं आणि वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग. पाना धरायला मी तिथेच शिकलो. मागच्या चाकाला तेव्हा फ्रीव्हील, म्हणजे साखळी ओढते ती दातेरी चकती, असायचं, हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी बसलेलं, पेडल मारावं तसं आणखी आवळत जाणारं. नाहीच निघालं तर पंच आणि हातोडी.

त्याच हिमतीवर पहिली कॅसेट, म्हणजे गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, खोलायला घेतली. सिंहगड चढणाऱ्या एका आयटीवाल्याची सायकल होती. पंच लावून दोन ठोके घातले आणि लॉकरिंगच्या (कॅसेट जागेवर धरणाऱ्या रिंगेच्या) खाचाच उडाल्या. भरपाई माझ्या खिशातून. वडील एवढंच म्हणाले, "हातोडी आधी आत ठेव, मग सायकल बाहेर घे."

पहिल्या कमाईतून चेन व्हिप (खोलताना कॅसेट धरून ठेवायचा साखळीचा दांडा), लॉकरिंगचा पाना आणि किती आवळलं ते मोजणारा टॉर्क रेंच घेतला. शेजारी हसले. पण कॅसेटचं काम ताकदीचं नाहीच. कॅसेट जिच्यावर सरकवायची त्या फ्रीहबवरची एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते. ती जुळली की चकत्या सरकत बसतात. आट्यांना ग्रीसचा हात, मग रिंग 40 न्यूटन-मीटरपर्यंत आवळायची. बऱ्याच रिंगांवर हा आकडा कोरलेलाच असतो. शेवटी कटकट वाजतं, गिऱ्हाईक दचकतं. वाजू द्यावं, रिंगेच्या पाठीवरचे दाते धरतायत.

धंद्याला वळण लागलं ते मात्र चेन मोजण्याच्या पट्टीने. चेन झिजली की तिच्या पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटरच्या पुढे जातं आणि ती कॅसेटचे दाते खाते. दहा स्पीडपर्यंत (म्हणजे मागे दहा चकत्यांपर्यंत) 0.75 टक्के, अकराला 0.5 टक्के वाढली की आम्ही चेन बदलायला सांगतो. कॅसेट कमी विकली जाते, हे खरं. पण तीच माणसं पावसाळ्यात मुळशीचा चिखल घेऊन परत येतात. (प्रेशरचं पाणी फ्रीहबवर मारू नका, हे दरवर्षी सांगतो. दरवर्षी मारतात.)

आज तीन स्टँड आहेत, दोन पोरं हाताखाली. परवा एकाने अकरा स्पीडच्या रोड चाकावर नऊ स्पीडची कॅसेट चढवली. रिंग पूर्ण आवळली तरी चकत्या डुगडुगत होत्या. तो रेंच आणखी दाबायला निघाला. मी वडिलांचा छर्‍यांचा जुना डबा उघडला, उरलेली फट भरायला 1.85 मिलिमीटरची वॉशर काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.