शाल निवडताना

रविवार, रात्री

पुतणीच्या लग्नात इरकलीवर पांघरायला एखादी वेगळी शाल हवी, म्हणून आज हस्तकला प्रदर्शनात गेले आणि नागालँडच्या दालनापाशीच दुपार सरली. कपड्यांची हौस मी कधी लपवलेली नाही. माझ्या कपाटात खण, अजरख, संबळपुरी आणि माहेश्वरी गुण्यागोविंदाने नांदतात, आणि दुसऱ्या प्रांताचे वस्त्र अंगावर घेतल्याने तिथल्या लोकांचा अवमान होतो, असे मला वाटत नाही. विणणाऱ्याने ते विकायलाच तर मांडलेले असते.

आज हातात आलेली आओ नागांची त्सुंगकोटेप्सू शाल मात्र या हिशेबात बसेना. लाल-काळ्या पट्ट्यांच्या मधोमध एक पांढरा पट्टा आणि त्यावर काळ्या रंगात मिथुन (गव्यासारखे तिकडचे जनावर), वाघ, हत्ती, धनेश पक्षी, कोंबडा, भाला आणि माणसांची मुंडकी. ही चित्रे विणलेली नसून रंगवलेली असतात. विणकाम बायकांचे, तर रंगकाम पुरुषांचे. कंबरमागावर अरुंद कापडच निघते, त्यामुळे तीन पट्टे वेगवेगळे विणून मग जोडतात. शाल उलटी करून पाहिली, तेव्हा जोडावरची बारीक हातशिलाई दिसली.

ज्याने लढाईत शत्रूचे शिर आणले किंवा मिथुनाचा बळी देऊन गावजेवण घातले, त्यालाच पूर्वी ही शाल पांघरता येई. १८७२ पासून बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी आओ प्रदेशात काम सुरू केले. पुढे शिरे आणणे थांबले, ती गावजेवणेही मागे पडली, पण शालीचा मान टिकून राहिला. दालनातल्या मोकोकचुंगच्या बाईंनी माझ्या हातातली शाल हसतच परत घेतली, "ही पुरुषांची," एवढेच हिंदीत म्हणाल्या आणि बायकांच्या शालींची चवड पुढे सरकवली.

त्यांचे म्हणणे मला लगेच उमगले, कारण आमचे आजोबा माळकरी होते. तुळशीची माळ घालणारा मांस-मद्य सोडतो आणि पंढरीची वारी चुकवत नाही. तीच माळ निव्वळ शोभेसाठी गळ्यात अडकवून कुणी मटणावर ताव मारताना दिसला, की मला खटकते. माळ सुंदर दिसते यात वादच नाही, पण ती घालणाऱ्याविषयी काही सांगत असते, आणि ते सांगणे खरे असावे एवढीच अपेक्षा असते. मी कुठली लढाई जिंकलेली नाही, की गावाला जेवू घातलेले नाही.

जेवताना यांनी हरकत काढली की, नागा तरुण स्वतःच या नक्षीची जाकिटे आणि टाय वापरतात, मग तुलाच एवढे सोवळे कशाला? हरकत बिनतोड नाही. घरच्यांनी आपल्या वारशाला नवी कात्री लावावी. ते चुकलेच तर त्यांना जाब विचारणारी वडीलधारी माणसे गावात आहेत. मला कोण विचारणार?

यंत्रमागावरच्या स्वस्त नकलांचा प्रश्न निराळा आहे, आणि माझ्या मते अधिक गंभीर. चाखेसांग या दुसऱ्या नागा जमातीच्या शालीला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे त्या नावाने भलताच माल खपवणाऱ्याला निदान कायद्याने अडवता येते; शाल कुणी पांघरावी, यावर मात्र मानांकनाचा काहीच अंमल चालत नाही.

शेवटी बाईंनी दाखवलेल्यांपैकी काळी, लाल काठांची शाल घेतली. इरकलीच्या जांभळ्यावर ती उठून दिसते की नाही, ते उद्या उजेडात पाहायचे आहे.