तीनचा खेळ, सहाची एस्टी

परवा दुपारी जेवणं आटोपल्यावर टीव्हीवर एक जुना पिच्चर लागला होता. बायको पलंगावर, मी खाली भिंतीला पाठ टेकून. विलनच्या अड्ड्यावर हिरोची आई, बहीण, झालंच तर हिरोईन अशी सगळी मंडळी बांधून घातलेली, बाजूला रिकाम्या पिंपांची रास. म्हणजे आता फायटिंग, आणि फायटिंग संपली की पोलीस. मी उठलो आणि चपला शोधायला लागलो.

"आता भर उन्हात कुठे?" बायकोने विचारलं.

कुठेच नाही. पण शेवटची पंधरा-वीस मिनिटं मला बसवतच नाही. मोबाइलवर अर्धवट सोडलेल्या सिनेमांची रांग लागलीय, प्रत्येकाखालची लाल रेघ शेवटाच्या जरा अलीकडे थांबलेली. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही कुणाला तरी दाखवून घ्या. दाखवणार काय? मालवण स्टँडवरचं तेव्हाचं टाइमटेबल?

आमचं गाव आचऱ्याच्या बाजूला आणि थेटर मालवणात. खेळ तीनचा, आमच्याकडची शेवटची एस्टी सहाची. तोंडी हिशेब बरोबर बसतो. पण तीन वाजता सुरू व्हायच्या त्या जाहिराती, आणि त्यानंतर समाचार चित्र. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली निघाली आणि तिची रिळं मुख्य खेळाआधी दाखवणं थेटरांना सक्तीचंच होतं. काळ्यापांढऱ्या पडद्यावर एखादं धरण, एखादा पूर, हार घालून घेणारे परदेशी पाहुणे, आणि ते सगळं सांगणारा तो खणखणीत आवाज. आमच्या कितीतरी हिरोंचे शेवट त्या धरणांत बुडाले.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. पिच्चरचं वेड तिला, पण एकटीला कोण सोडतंय! "बाबूक वांगडा घी, नायतर जाव नको," एवढंच आई म्हणायची. थोडक्यात, मी परवाना होतो, आणि परवान्याचा दर मला पक्का ठाऊक होता: खाज्याची एक पुडी. थेटरात खायला खाज्याइतकी वाईट वस्तू नाही. आल्या-गुळाचं ते कडक प्रकरण नेमकं हिरोईन हळू आवाजात काही सांगत असताना दाताखाली फुटतं आणि पुढच्या बाकावरचे वळून बघतात. आक्का माझा गुडघा दाबून म्हणायची, "चावू नको, चोख."

तिच्या मनगटावर बाबांनी मुंबईहून आणलेलं घड्याळ असायचं. ते बघायचं तर पडद्यावर दिवस हवा. रात्रीचा प्रसंग लांबला की ती अस्वस्थ व्हायची, आणि एकदाचं शेतातलं गाणं लागलं की मनगट पडद्याकडे धरून वेळ वाचायची. मग "चल, ऊठ". बाहेर डोळे दिपवणारं ऊन, बाजारातून धावत स्टँड, एस्टीत मागचं बाकडं. कोळंब मागे पडलं की मी विचारायचो, "मगे?"

आणि आक्का शेवट सांगायची. न बघितलेला. तोही असा, की हिरोने कुठल्या हाताने मारलं, आईने आधी कुठला डोळा उघडला, इन्स्पेक्टर काय म्हणाला. शेजारी पायांशी टोपली घेऊन बसलेली मासेवाली ऐकता ऐकता तिकीट काढायचं विसरायची. उतरताना म्हणायची, "बरा झाला गे बाय, सुटलो एकदाचो."

'शोले' १९७५चा, पण आमच्यापर्यंत पोचायला त्याला काही वर्षं लागली. पिच्चर तीन तासांहून लांब, म्हणजे सहाच्या एस्टीवाल्यांनी जाऊच नये असा. आम्ही गेलो. बसंती नाचायच्या आधीच आम्ही स्टँडवर होतो. त्या संध्याकाळी आक्काने जयचं राधाशी लग्न लावून दिलं आणि ठाकूरला परळच्या केईएममध्ये नेऊन नवे हात बसवले. आमच्या घरात जय त्यानंतर कैक वर्षं जिवंत होता. वर्गातल्या एकाने तो मेला असं सांगितलं तेव्हा मी त्याचा सदरा फाडला होता आणि आजही मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पुढे कळलं की खुद्द बनवणाऱ्यांनाही शेवट बदलावा लागला होता. मुळात ठाकूर गब्बरला ठार मारतो, ते सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून ऐनवेळी पोलीस आणले. म्हणजे दुरुस्ती दोघांनीही केली. सेन्सॉरने गब्बरला वाचवलं, आक्काने जयला. मला आक्काची दुरुस्ती जास्त पटते.

तिच्या शेवटांत एक गोष्ट मात्र ठरलेली असायची. कोणीतरी घरी परत यायचं. जत्रेत हरवलेला भाऊ, तुरुंगातला बाप, परदेशी गेलेला मुलगा. "आणि मगे तो घराक इलो." हे वाक्य आलं की पिच्चर संपला.

बाबा तेव्हा परळला गिरणीत. गणपतीला यायचे आणि मे महिन्यात. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांवर कामगार बाहेर. काही महिन्यांनी बाबा ट्रंक घेऊन घराक इले. गणपती नव्हते, मे महिना नव्हता. पडवीत बसून राहायचे, पोस्टमन दिसला की उठून आत जायचे. मनीऑर्डर ज्यांनी पाठवायची ते घरातच बसलेले. पिच्चर बंद झाले, आम्हीही मागितले नाहीत. आक्काने एकही शेवट त्यानंतर मला सांगितला नाही, आणि दोन वर्षांत तिचं लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली.

परवा चपला सापडल्यावर तिला फोन लावला. म्हटलं, "आक्का, ते शेवट तू खयसून काढी होतंस?"

"कसले शेवट?"

"पिच्चरचे. आपण अर्ध्यातून उठायचो ते."

"मी खयं उठत होतंय?" ती म्हणाली. "तूच एस्टी चुकतली म्हणान माझो हात ओढी होतंस. तुझ्यामुळे माका एक पिच्चर धड बघूक गावलो नाय."

हे साफ खोटं आहे. मला घड्याळसुद्धा कळत नव्हतं. पण तेवढ्यात तिची मालिका सुरू झाली आणि तिने फोन ठेवला.