लिफ्टवाल्याची चिठ्ठी

डोंबिवलीत वॉटरप्रूफिंगचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एक स्कूटर, एक ग्राउटिंग पंप (भेगांत सिमेंटचं मिश्रण दाबून भरायचा) आणि दोन कारागीर होते. पाऊस लागला की फोन थांबायचा नाही, दिवाळीनंतर वाजायचा नाही. एका रंगकामवाल्या मित्राने मला रेफरल ग्रुपमध्ये, म्हणजे एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवणाऱ्या धंदेवाल्यांच्या गटात, ओढून नेलं. दर आठवड्याला सकाळी सातला सभा, एका धंद्याचा एकच सभासद, मिनिटभरात स्वतःची ओळख. इव्हान मिस्नर यांनी 1985 मध्ये अमेरिकेत बीएनआय ही अशा ग्रुपांची संस्था काढली, तिथला हा साचा. मराठी उद्योजकांना माधवराव भिडे यांचा असाच सॅटर्डे क्लबही ठाऊक असेलच.

पहिलं वर्ष फुकट गेलं. मी उभा राहून म्हणायचो, "कुणाकडेही गळती असेल तर सांगा." लोक माना डोलवायचे आणि उपम्याकडे वळायचे. दोष मी ग्रुपला देत होतो.

मग लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका सभासदाबरोबर वन-टू-वनला, म्हणजे एकमेकांचा धंदा समजून घ्यायला दोघंच, बसलो. बोलता बोलता तो म्हणाला, "आमच्या जुन्या बिल्डिंगांत मशीन रूम गच्चीवरच असते. दर महिन्याला चढावंच लागतं." मी चहाचा कप खाली ठेवला. मला हवं ते काम हा गडी दर महिन्याला तुडवत फिरत होता!

पुढच्या सभेत मागणं बदललं. "वीस वर्षांहून जुनी इमारत, गच्चीच्या कोब्याला तडे, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेला पिंपळाचं रोप. असं दिसलं तर सोसायटीच्या सेक्रेटरींशी गाठ घालून द्या." दोन आठवड्यांत लिफ्टवाल्याकडून पहिली चिठ्ठी, म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव, आली. पुढे सोसायट्यांचं ऑडिट करणाऱ्या सीए बाईंशीही असंच बसलो. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तिथे गळतीवरून हमखास जुंपते. कुणाचे आकडे त्या सांगत नाहीत, सांगूही नयेत. सेक्रेटरींनी विचारलं तर नाव सुचवतात, एवढंच.

एकदा मात्र मी माती खाल्ली. जूनच्या गडबडीत लिफ्टवाल्याने दिलेल्या सेक्रेटरींना चार दिवस फोनच केला नाही. तो म्हणाला, "साहेब, ते रोज लिफ्टपाशी मला गाठून विचारतात, तुमचा माणूस कुठंय?" काम गेलंच, पण सहा महिने त्याच्याकडून एकही नाव आलं नाही. तेव्हापासून नाव मिळालं की त्याच दिवशी फोन, आणि काय झालं ते रात्री देणाऱ्याला कळवायचं, नकार आला तरी. काम झाल्यावर गच्चीत पाणी साठवून चाचणी घेतो, तेव्हा त्यालाही वर बोलावतो.

द्यायला माझ्याकडेही पुष्कळ असतं. ओल आलेल्या घरात पोपडे सुटलेले असतात, कपाटं फुगलेली असतात, स्विचला झटके बसत असतात. रंगवाला, सुतार, इलेक्ट्रिशियन, तिघेही ग्रुपमध्येच आहेत. गिऱ्हाइकाला विचारून त्याचा नंबर त्यांना देतो.

काल रात्री लिफ्टवाल्याचा फोटो आला. पाण्याच्या टाकीखाली हातभर पिंपळ. दुपारी बघायला जायचंय.