जीबीएस आणि किरकटवाडीचे पाणी

आज पुण्यातल्या किरकटवाडीला मावशीकडे गेलो असताना महापालिकेच्या आरोग्यसेविका जीबीएसच्या, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या, सर्वेक्षणासाठी आल्या. घरात कोणाला जुलाब किंवा उलट्या झाल्या का, हातापायांना मुंग्या येतात का, हे विचारून त्यांनी नोंद केली आणि नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासणाऱ्या ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकले. पाणी पिवळे झाले, म्हणजे त्यात क्लोरीन आहे, हे समजल्यावर मावशीचा जीव भांड्यात पडला.

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण वाढू लागल्यावर महापालिकेने घरोघरी पाहणी केली, पाण्याचे नमुने तपासले आणि कमला नेहरू रुग्णालयात उपचारांची सोय केली. या आजारावर दिली जाणारी इम्युनोग्लोब्युलिनची (प्रतिपिंडांची) महागडी इंजेक्शने ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्यांना हा मोठाच आधार होता. या धावपळीचे मोल मी मनापासून मानतो.

मूळ दुखणे मात्र जुने आहे. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी नांदेडच्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून घरोघरी पोहोचत राहिले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा आणि जीबीएसला निमित्त ठरू शकणारा जिवाणू सापडल्यावरच सर्वांचे लक्ष तिकडे गेले. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी या गावांची गत आहे. या भागाला प्रक्रिया केलेले पाणी नेमके कधी मिळणार, असे लेखी विचारणारा अर्ज मी उद्या क्षेत्रीय कार्यालयात देणार आहे. शेजारच्या सोसायट्यांनीही तो जरूर द्यावा.